शनिवारची फणी

गिरिजाबाईला संशय यायला फार काही लागत नसे. दूधवाल्यानं माप काठोकाठ भरलं तर तिला वाटायचं, आजच एवढं का भरलं मेल्यानं? शेजारीण हसून बोलली की ही घरात येऊन पिठाचा डबा उघडून बघायची. नवरा भिवा म्हणायचा, "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे व्हतं." पण या वेळचा संशय तसला उगाचचा नव्हता. हा पोटच्या पोरीबद्दलचा होता, आणि तो दिवाळीच्या सुट्टीत, तीर्थपुरीतल्या तिच्या ओसरीवर, भरदुपारी तिच्या मनात शिरला.

सत्यशीला जालन्याच्या मिशनच्या शाळेतून पहिल्यांदाच घरी आली होती. अकरा वर्षांची पोर, जूनमध्ये पाठवलेली. मोठ्या दुष्काळाचं दुसरं साल होतं ते. गावचे अण्णासाहेब मास्तर म्हणाले होते, "वहिनी, पोरगी हुशार हाय. तिथं वसतिगृह हाय, दोन वक्ताला बराबर जेवायला मिळतं. इथं ठेवून तिला खडी फोडायला लावणार का?" भिवानं लगेच मान हलवली. गिरिजाबाईनंही हलवली. त्या दिवसांत तिला कशातच जीव नव्हता. दीड वर्षाचा वसंता वैशाखात गेला होता आणि तिला घरात कुणाचा आवाजही नको झाला होता.

आता पोर परत आली, ती निराळीच. आधी तोंडाची टकळी थांबत नव्हती, आता विचारलं तेवढंच बोलायची. जेवायला बसली की घास घ्यायच्या आधी डोळे मिटायची. "काय करून राह्यली गं?" गिरिजाबाईनं विचारलं. "काय न्हाई माय, सगळ्या पोरी मिटतेत." सगळ्या मिटतात! गिरिजाबाईनं भिंतीवरल्या बाबासाहेबांच्या फोटोकडं एकदा बघितलं.

तरी तिथवर तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं फणी घेतली आणि पोरीला बोलावलं. "ये गं, बस. केसाचं काय करून ठेवलंस बघू."

सत्यशीला चटकन मागं सरली. दोन्ही हात डोक्यावर. "नको माय. मी माझी विंचरते."

"का? माझ्या हाताला काटे आलेत?"

काटे नव्हते, पण उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. खडी फोडताना घण बसला होता. नख पुन्हा आलं ते फाटूनच, आणि लुगड्याच्या दशांत, पोत्याच्या सुतळीत, कशातही अडकायचं. पण पोर अंगठ्याकडं बघतही नव्हती. जमिनीकडं बघून म्हणाली, "तिथं दर शनिवारी एस्तेरबाई विंचरतेत. दार लावून."

"दार लावून? विंचरायला दार कशाला लागतं?"

पोरीनं जीभ चावली.

"अन् काय करतेत आत? काय बोलतेत?"

"ते बाहेर सांगायचं न्हाई, माय."

झालं! इथं मनात पाल चुकचुकली. पोटची पोर आईला म्हणते, बाहेर सांगायचं न्हाई. म्हणजे आई बाहेरची झाली आणि कोण ती एस्तेरबाई आतली! गिरिजाबाईनं फणी कोनाड्यात फेकली आणि तरातरा शेजारी गेली.

शेजारच्या जयवंताबाईकडं चार शेळ्या होत्या आणि गावोगावच्या खबरा होत्या. तिनं शेळीच्या पाठीवरनं हात न काढता सांगितलं, "अगं गिरजे, त्या लोकांचं तसंच असतंय. डोक्यावर पाणी टाकतेत, चार शब्द पुटपुटतेत, अन् माणूस त्यांचा. वरून काय बी दिसत न्हाई. ना गळ्यात माळ, ना कपाळाला टिळा."

"डोक्यावर?"

"डोक्यावरच."

म्हणून पोर डोक्याला हात लावू देत नव्हती! एकेक गोष्ट अशी जागेवर बसत गेली, की गिरिजाबाईला स्वतःचाच राग आला. इतके दिवस आपले डोळे काय गहाण पडले होते का?

भिवा बाजारात पोती शिवायचा. तो घरी आला तेव्हा तिनं त्याला हातपाय धुवायचीसुद्धा उसंत दिली नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, फणीच हाय ती. उवा झाल्या असतील."

"उवा काय दार लावून मारतेत? तुम्ही नागपूरला गेल्ता दीक्षा घ्यायला, तव्हा दार लावून घेतली व्हती का? उघड्यावर, उन्हात, लाखो लोकांम्होरं घेतली. मी देवाचे टाक गोदावरीत टाकले ते बी दिवसाउजेडी, सासूनं छाती बडवून घेतली तरी. आपण जे सोडलं ते सांगून सोडलं. अन् आता माझ्या पोरीला कुणी कोंडून, गुपचूप दुसरीकडं नेणार?"

भिवाला बायकोपुढं फारसं सुचायचं नाहीच. पण सुट्टी संपल्यावर त्यानं एक काम केलं. ती पाणी आणायला गेलेली बघून पोरीला ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं. गिरिजाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. अण्णासाहेबांनी वाचून दाखवलं. पहिला नंबर आला, गणितात पन्नासपैकी सत्तेचाळीस, मोठी होऊन नर्स होणार. आणि शेवटी एक ओळ, 'शनिवारी लई बरं वाटतं.'

"शनिवारी," गिरिजाबाई म्हणाली.

"चांगलंच हाय की," मास्तर म्हणाले.

पण तिचं ठरलं होतं. बदनापूरच्या भावानं त्याच्या पोरासाठी सत्यशीलाला शाळेत धाडायच्या आधीच मागणी घातली होती, पण तेव्हा शाळा आडवी आली. आता म्हणत होता, हो म्हण, येत्या उन्हाळ्यात उरकून टाकू. आता आणायचं पोरीला घरी आणि उन्हाळ्यात द्यायचं बदनापूरला. नर्सबिर्स राहिली बाजूला. परक्याची होण्यापेक्षा मामाच्या घरी भाकरी थापलेली बरी. ट्रंक बांधायला तिनं जयवंताबाईकडून लांबसा सुंभ मागून घेतला आणि शनिवारची पहिली एसटी धरली.

वसतिगृहात शिरल्या शिरल्या कडूलिंबाच्या तेलाचा वास नाकात गेला. लांब व्हरांडा, शेवटी एक खोली, खोलीला बंद दार. दारातून एक पोरगी बाहेर आली. दोन घट्ट वेण्या, डोळे लालभडक, पण चालताना एक गिरकी घेऊन पळाली. तिच्या मागोमाग एक जाडजूड बाई आली. पन्नाशीची, पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"जय भीम, गिरिजाबाई," ती म्हणाली.

ख्रिस्ती बाईच्या तोंडी जय भीम! गिरिजाबाई जागीच थांबली. एवढं गोड बोलणारं माणूस तिनं आजवर विश्वासाचं बघितलं नव्हतं. "तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?"

"मी एस्तेरबाई. वीस पोरी आहेत माझ्याकडं, वीस जणींच्या आयांची नावं पाठ आहेत. अन् सत्यशीला तुमच्यावरच गेलीय, नाकापासून."

"मी तिला न्यायला आले. कायमची."

एस्तेरबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण ती भांडली नाही. "पोरगी तुमची आहे. हेडबाई चार वाजता येतील, दाखल्यावर सही त्यांची लागते. पण मला कारण कळेल का?"

"कारण तुम्हीच सांगा. दार लावून माझ्या पोरीला काय करता?"

"केस विंचरते."

"अन्?"

"अन् ऐकते. पोरी लांबून आलेल्या असतात हो. समोरासमोर बसवून विचारलं तर एक बोलत नाही. पाठमोरं बसवलं, डोक्यात फणी फिरायला लागली, की हळूहळू बोलतात. मी मधे बोलत नाही. त्यांनी मागं बघायचं नाही. अन् तिथं बोललेलं मी कुणाला सांगत नाही."

"माझी पोर काय बोलते?"

"तेच मी सांगू शकत नाही, गिरिजाबाई."

"मी आई हाय तिची!"

"म्हणूनच. ते तिनं तुम्हाला सांगायचंय. वेणी झाली की दर शनिवारी मी तिला एवढंच म्हणते, आईला सांग." एस्तेरबाईनं बंद दाराकडं बघितलं. "एक विनंती आहे. न्यायचं तर न्या. पण आज तिचा शनिवार आहे, तेवढा होऊ द्या. तिला आत्ताच कळवू नका."

असं म्हणून बाईनं एका पोरीला ट्रंक आणायला पिटाळलं आणि आत जाऊन पुन्हा दार लावलं. आता तुम्हीच सांगा, चोरानं मालकाला म्हणावं, तेवढी चोरी होऊ द्या, मग बघू, तसलाच हा प्रकार नव्हे का? निदान गिरिजाबाईला तरी तसंच वाटलं. ट्रंक आली. तिनं सुंभाचे चार वेढे घेतले, पाय देऊन गाठ आवळली आणि त्या ट्रंकेवरच दाराकडं तोंड करून बसली.

पोरी आतल्या बाजूनं, झोपायच्या खोलीतून जात असाव्यात. इकडून फक्त बाहेर यायच्या. दाराआड बारीक कुजबुज चालायची. कधी हुंदका, कधी चक्क खिदळणं. शिवकन्या म्हणून एक चिमुरडी बाहेर आली, तिला गिरिजाबाईनं हाताला धरून थांबवलं. "खरं सांग गं. आत डोक्यावर पाणी टाकतेत का?"

"पाणी? न्हाई. तेल. लई झोंबतं, म्हणून डोळ्यावर टॉवेल धरायचा."

"अन् काय म्हणून घेतेत तुमच्याकडून?"

"काय बी न्हाई. आपणच बोलायचं. मी आमच्या वासराचं सांगितलं." एवढं बोलून ती हात सोडवून पळाली.

पढवून ठेवलंय बिलकुल, गिरिजाबाई मनात म्हणाली.

तेवढ्यात मागच्या अंगणातून ओरडा झाला. कुणीतरी पेरूच्या झाडावरून पडलं होतं. दार धाडकन उघडलं आणि एस्तेरबाई तेलाच्या हातांनीच धावत बाहेर पडली. दार सताड उघडं राहिलं.

गिरिजाबाई उठली. आत खिडकीकडं तोंड करून, बुटक्या स्टुलावर एक पोरगी पाठमोरी बसली होती. केस मोकळे, तेलानं चपचपीत, तोंड टॉवेलात खुपसलेलं. डोक्यावर दोन भोवरे होते. ते भोवरे गिरिजाबाईनं पोर दीड दिवसाची असताना मोजले होते.

ती आवाज न करता आत शिरली. आधी तिनं खोली धुंडाळली. भिंतीवर लाकडी क्रूस. कपाटावर तेलाची बाटली. कोपऱ्यात झाकलेली वाटी. हेच ते पाणी! तिनं झाकण उचललं. वाटीत घासलेट होतं आणि त्यात मेलेल्या उवा तरंगत होत्या. तिनं झाकण ठेवलं. मग शेजारच्या दुसऱ्या स्टुलावरची फणी उचलली. म्हटलं, आता दूध का दूध होऊ दे. तिनं पोरीचे केस बाजूला करून टाळू बघितली. खूण नाही, डाग नाही. नेहमीचीच टाळू होती.

फणी फिरवताना चिरलेलं नख केसांत अडकलं. पोरीचे खांदे एकदम आखडले. गिरिजाबाईनं श्वास रोखला. पण पोर वळली नाही. मग टॉवेलातूनच बोलायला लागली.

"दुष्काळी कामावर वसंताला बाभळीला झोळी बांधून ठेवला व्हता. माय म्हणाली, इथून हलू नको. मी न्हाई हलले. पण सुकडी वाटायला लागले. मला लई भूक लागल्ती. सकाळपासून काय खाल्लं नव्हतं. मी रांगेत जाऊन उभी राह्यले. म्हणलं, जल्दी जाऊन येते. रांग लई मोठी व्हती."

फणी थांबली.

"मी आले तव्हा माय झोळीपाशी व्हती. वसंता हालत नव्हता. माय मला म्हणाली, कुठं मेली व्हतीस? मंग मी काय बोलले न्हाई. माझ्या हातात सुकडी व्हती. ती मी फेकून द्यायला पाहिजे व्हती, पण मी फेकली न्हाई. मागं जाऊन खाल्ली."

घण अंगठ्यावर बसला होता तेव्हासुद्धा गिरिजाबाईनं एवढं दुखणं सोसलं नव्हतं.

"मंग माय मला काहीच म्हणाली न्हाई. मारलं बी न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. माझी वेणी बी घालना. मंग मला इकडं पाठवून दिलं. मला वाटतं, मला बघितलं की तिला वसंता आठवतो. म्हणून मी सुट्टीत तिला डोक्याला हात लावू दिला न्हाई. उगं तिला तरास."

खरंच की. वैशाखापासून आपण या डोक्याला हात लावला नव्हता. आज लावला तोही चोर पकडायला. गिरिजाबाईनं फणी घट्ट धरली. पोरगी वळायला लागल्याचं तिला जाणवलं, आणि ती घाईनं म्हणाली, "मागं बघू नको."

पोर पुन्हा खिडकीकडं बघत बसली. दचकली मात्र नाही.

"तू ऐक नुसतं," गिरिजाबाई म्हणाली. पाठमोऱ्या डोक्याशी बोलता येत होतं. तोंडाकडं बघून ती हे जन्मात बोलू शकली नसती. "वसंताचं अंग पहाटेच फणफणलेलं व्हतं. मला ठाऊक व्हतं. तुझ्या बापाला मी सांगितलं न्हाई, तुला सांगितलं न्हाई. हजेरी बुडल म्हणून गेले. कामावर बी दोनदा वाटलं, जाऊन बघावं. न्हाई गेले. तू रांगेत गेलीस न गेलीस, त्यानं काय व्हणार व्हतं गं? चूक माझी व्हती. अन् ती तुझ्या डोक्यावर टाकून मी गप बसले. कुणी विचारू नये म्हणून. तू म्होरं दिसलीस की मला ते आठवायचं, म्हणून तुला लांब पाठवलं. तुझा काय बी गुन्हा न्हाई. ऐकलंस का? एवढा पण न्हाई."

पोरीचे खांदे हलत होते. ती म्हणाली, "मला कळलं व्हतं तू हायेस. तुझा अंगठा अडकला."

"अन् तरी बोललीस?"

"मंग तर बोलले."

गिरिजाबाईनं पदरानं नाक पुसलं. "भूक लागलेल्या लेकराला रांगेत जायलाच पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "मी असते तर मीच धाडलं असतं."

"मागं बघू का आता?"

"थांब. वेणी व्हऊ दे." पण तेलानं चपचपीत केस बोटांतून निसटत राहिले आणि तीन पेडांची वेणी दोनदा सुटली. शेवटी पोरच वळली.

कितीतरी वेळानं गिरिजाबाईचं दाराकडं लक्ष गेलं. एस्तेरबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, आत आली नव्हती. गिरिजाबाईनं डोळे पुसले आणि तिला नखशिखान्त न्याहाळलं. जन्माची खोड एका दुपारीत कशी जाणार?

"बाई, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम गेल्ता का?"

"पोरीचा ओठ फाटला, गिरिजाबाई. दवाखान्यात धाडलंय, टाके पडतील." तिच्या पांढऱ्या लुगड्यावर रक्ताचे डाग होते. "तुम्ही आत आहात हे मला आत्ता दिसतंय. खरं तर मला राग यायला पाहिजे. ही खोली पोरींची आहे."

"येऊ द्या की राग," गिरिजाबाई म्हणाली. "मला बी माझा आलाय."

एस्तेरबाईला मात्र हसू आलं. तिनं घड्याळात बघितलं. "हेडबाई येतीलच. दाखल्याचं काय सांगू?"

सत्यशीलानं आईचा पदर धरला होता. तिला बाहेर व्हरांड्यात बांधलेली ट्रंक आत्ता दिसत होती. तिची पदरावरची मूठ गच्च झाली. गिरिजाबाईला बदनापूरचा भाऊ आठवला, आणि पन्नासपैकी सत्तेचाळीस आठवले.

"हेडबाईला म्हणावं, आई विंचरायला आल्ती," ती म्हणाली.

मग ती व्हरांड्यात जाऊन ट्रंकेपाशी बसली. गाठ अशी काही आवळली होती, की बोटांनी सुटेना आणि चिरलेलं नख दर वेळी सुंभात अडकायचं. शेवटी सत्यशीला खाली बसली आणि तिनं ती दातांनी सोडवली. गिरिजाबाईनं सुंभ नीट गुंडाळून पिशवीत टाकला. जयवंताबाईचा होता, परत द्यायचा होता.